मॉन्टे कार्लोची लाल मिनी: ट्रिब्यूट गाडी बांधायला घेणाऱ्यांसाठी

जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन ही जोडी मिन्स्कहून निघाली आणि मॉन्टे कार्लो रॅली जिंकून थांबली. गाडी होती मॉरिस मिनी कूपर एस (मिनीचं वेगवान रूप), रजिस्ट्रेशन ३३ ईजेबी, रॅलीतला क्रमांक ३७, इंजिन अवघं १०७१ सीसी. दुसरा आलेल्या बो युंगफेल्टच्या फोर्ड फाल्कनमध्ये सुमारे चौपट मोठं व्ही-८ इंजिन होतं. तिसरा एरिक कार्लसन, साबमध्ये. त्या वर्षीच्या नियमांत लहान इंजिनाला सवलत देणारं गणित होतं हे खरं; पण बर्फाळ घाटात त्या गणिताचा फायदा उचलायला गाडीही तशीच लागते, आणि चालवणाराही.

ती मूळ गाडी आज वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहे. तिच्यासारखी दिसणारी, चालणारी आणि आवाज करणारी गाडी स्वतः बांधायची, त्याला ट्रिब्यूट म्हणतात. हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, घरामागे एका गाडीचं गॅरेज असलेल्या आणि पाना हातात धरता येणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. भारतात राहून हेच करायचं असेल तर मिनीचा हट्ट सोडा आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० किंवा पद्मिनी घ्या. पद्धत तीच, आणि सुटे भाग हाताशी मिळतील.

आधी तारीख ठरवा

‘साठच्या दशकातली रॅली मिनी’ असं ठरवून काम सुरू केलं की गाडी हमखास खिचडी होते. गाडी एक निवडा आणि तिचा एक दिवस निवडा. मिनीने मॉन्टे तीनदा जिंकली: १९६४ मध्ये ३३ ईजेबी, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेनची एजेबी ४४बी आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनची एलबीएल ६डी. १९६६ मध्येही मिनी पहिल्या तीन जागांवर आल्या होत्या, पण हेडलाइटच्या बल्बांवरून त्यांना बाद केलं गेलं. तिन्ही विजेत्या गाड्या लाल अंगाच्या आणि पांढऱ्या टपाच्या, म्हणून नवख्याला त्या एकच वाटतात. प्रत्यक्षात या तीन वर्षांत मिनी आतून बरीच बदलली.

१९६४ च्या जानेवारीतली गाडी म्हणजे अ‍ॅलेक्स मोल्टनच्या रबर कोनांवर उभी असलेली गाडी. द्रवावर चालणारं हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन त्या वर्षीच्या सप्टेंबरात आलं. १२७५ सीसीची कूपर एस मार्चमध्ये जाहीर झाली, म्हणजे रॅली संपल्यावर. दोन पेट्रोल टाक्या आणि ऑइल कूलर १९६६ पासून कूपर एसवर कारखान्यातूनच येऊ लागले. त्याआधी ते वेगळे घ्यावे लागत. तारीख पक्की असली की दुकानात, जत्रेत किंवा मित्राच्या पोटमाळ्यावर एखादा भाग सापडला तर विचारायचा प्रश्न एकच उरतो: त्या दिवशी हा भाग होता का? मी हा लेख १९६४ धरूनच लिहितो आहे.

फोटो वाचायला शिका

पहिले दोन-तीन महिने गाडीला हात लावू नका. कागद जमवा. बीएमसीचं (मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांची यादी आणि कूपर एसचा एफआयएकडचा (मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेकडचा) होमोलोगेशन फॉर्म, एवढं तर हवंच. या फॉर्ममध्ये त्या गाडीला स्पर्धेत काय बसवायची परवानगी होती ते मोजमापांसह दिलेलं असतं. वाद मिटवायला त्याच्याइतका भरवशाचा कागद नाही.

त्यानंतर फोटो. इथे एक भेद कायम लक्षात ठेवा: संग्रहालयातली गाडी म्हणजे आजची गाडी. साठ वर्षांत तिच्यावर पुन्हा रंग चढला असेल, भाग बदलले असतील. रॅलीच्या दिवसांत काढलेला काळा-पांढरा फोटो मळका असला तरी पहिला मान त्याचा. गेडनला जरूर जा, पण फोटो पाठ करून जा, म्हणजे कुठे काय वेगळं आहे ते डोळ्यांना आपोआप खटकेल.

फोटोवरून मापही काढता येतं. मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर २०३६ मिमी असतं. अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या. त्यात हे अंतर समजा १०० मिमी भरलं, तर फोटोतला १ मिमी म्हणजे गाडीवरचे २०.३६ मिमी. दारावरचा आकडा फोटोत १५ मिमी उंच असेल तर खरा आकडा साधारण ३०५ मिमी उंच, म्हणजे एक फूट. दिव्यांची उंची आणि चिखलपट्टीची लांबी याच रीतीने काढा. समोरून काढलेल्या फोटोसाठी टेकू म्हणून हेडलाइटची काच चालते. तिचा व्यास सात इंच. तिरक्या फोटोवर मात्र हे गणित करू नका, फसाल. पुढचे जादा दिवे किती आणि कुठे, हे कोणाच्याही सांगण्यावर न जाता फोटोत स्वतः मोजा. सरावाच्या वेळचा फोटो आणि स्पर्धेतला फोटो यांतही फरक असतो.

गाडी विकत घेताना

खरी १९६३-६४ ची कूपर एस मिळाली तर तिची ट्रिब्यूट करू नका. तिला ती जशी कारखान्यातून आली तशी जपा. १०७१ सीसीच्या गाड्या जेमतेम चार हजारांच्या आसपास झाल्या. त्यातली एक कापून तिला दुसऱ्या गाडीचा वेष चढवणं मला तरी पटत नाही. ट्रिब्यूटला साधी ८५० सीसीची मार्क १, म्हणजे पहिल्या पिढीची मिनी उत्तम. अगदी १९६४ चीच हवी असं नाही, पण मार्क १ हवी. बाहेरून दिसणाऱ्या दारांच्या बिजागऱ्या, सरकत्या काचा, मागची छोटी काच आणि मागचे छोटे अंडाकृती दिवे हे सगळं तिच्यात मुळातच आहे. ऑक्टोबर १९६७ च्या मार्क २ मध्ये मागची काच मोठी झाली आणि जाळीचा आकार बदलला. १९६९ नंतरच्या गाड्यांत काचा फिरवून खाली घ्यायच्या आल्या आणि बिजागऱ्या आत गेल्या. नव्या मिनीला जुनं रूप देण्यात जो पैसा जातो त्यात चांगली मार्क १ येते.

विकणारा ‘ही अस्सल कूपर एस आहे’ म्हणत असेल तर चेसिस नंबर बघा. मॉरिस कूपर एसचा नंबर के-ए२एस४ ने आणि ऑस्टिनचा सी-ए२एस७ ने सुरू होतो. नुसत्या प्लेटवर विश्वास नको, कारण प्लेट नवीही बनते. ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दफ्तरातून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं; कारखान्यातून ती गाडी कोणत्या रूपात बाहेर पडली होती ते त्यात कळतं.

गंज कुठे बघायचा? दारांखालचे सिल, पायाखालचा पत्रा, डिकीतली बॅटरीची पेटी, दार आणि पुढच्या मडगार्डमधली अरुंद पट्टी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागचा सबफ्रेम (चाकं आणि सस्पेन्शन धरणारी चौकट). सिलवर दुसरं सिल चढवून आतली कुज झाकायची युक्ती फार जुनी आहे. चुंबक सोबत न्या. पुट्टीवर तो चिकटत नाही. गालिचा उचलू न देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नका.

पत्र्याचं काम

सिल आणि फ्लोअर कापायच्या आधी दारं बसवलेली असू द्या आणि दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, ताठ करा. एका वेळी एकच बाजू कापा. मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्राच तिची हाडं. दोन्ही सिल एकदम काढले की शेल मधोमध वाकतं आणि मग दार कधीच नीट लागत नाही. सबफ्रेम बोल्टने कसून बसवून सगळी भोकं जुळतात का ते वेल्डिंगच्या आधीही बघा आणि नंतरही. ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे मिनीचे पत्रे मिळतात. थोडे महाग असतात, पण स्वस्त पत्रा ठोकून-ठोकून बसवण्यात जाणारे शनिवार-रविवार धरले तर तेच परवडतात.

शेल कापण्याआधी डीव्हीएलएचे, म्हणजे ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याचे, नियम वाचून घ्या. जुन्या गाडीची ओळख आणि नंबर टिकवण्यासाठी मूळचं काय शिल्लक राहायला हवं ते तिथे दिलेलं आहे, आणि हे नियम मधूनमधून बदलतात. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा.

रुंद फायबरची मडगार्डं लावायचा मोह प्रत्येकाला होतो. ती नंतरच्या काळातली. १९६४ ची गाडी सडपातळ दिसते, तिचं देखणेपण त्यातच आहे. रंग टार्टन रेड, बीएमसीचा कोड आरडी९; टप ओल्ड इंग्लिश व्हाइट, कोड डब्ल्यूटी३. हा पांढरा दुधाळ-पिवळसर आहे. दुकानदाराने झगझगीत पांढरा दाखवला तर नको म्हणा. रंगाचा नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून दिवसाच्या उजेडात बघा. आणि आरशासारखी चमक आणू नका. अ‍ॅबिंग्डनच्या बीएमसी कॉम्पिटिशन्स डिपार्टमेंटमध्ये गाड्या बर्फात धावण्यासाठी बनत होत्या. जत्रेतलं बक्षीस त्यांच्या डोक्यात नव्हतं.

इंजिन

कूपर एसच्या तिन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ७०.६ मिमी. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याच्या अंतरात: ९७० ला ६१.९१ मिमी, १०७१ ला ६८.२६ आणि १२७५ ला ८१.३३. १०७१ चा ब्लॉक आणि क्रँक शोधण्यात वर्षं जातात आणि पैसाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्याच गाडीत १०७१ च्या मागे लागू नका. १२७५ बसवा आणि विचारणाऱ्याला ते सांगा. फक्त एक गोष्ट जाणून असा. एसच्या ब्लॉकला मागच्या बाजूला, मॅनिफोल्डखाली, टॅपेटची दोन झाकणं असतात; नंतरच्या साध्या १२७५ ब्लॉकला ती नसतात. जाणकार माणूस बॉनेट उघडल्यावर टॉर्च घेऊन आधी तिथेच डोकावतो.

बाहेरून दिसणारं मात्र जुळवा: सव्वा इंची एसयू एचएस२ कार्ब्युरेटरची जोडी, बीएमसीचा हिरवा रंग, त्या काळच्या क्लिपा. हेड उघडलेलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलची काळजी मिटते. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल आता ई१० आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्यात सडतात. इथेनॉल सोसणारे पाइप लावा आणि सुपर ग्रेडचं पेट्रोल भरा. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात भिजतो, त्यामुळे तेल २०डब्ल्यू-५० हवं आणि वेळेवर बदललेलं हवं. इथे काटकसर नको.

चाकं आणि ब्रेक

चाकं १० इंची, रुंदी साडेतीन इंच, हवेची भोकं असलेली कूपर एसची पोलादी. टायर १४५-१०. आज सर्रास मिळणारे १६५/७० टायर पकड छान देतात, पण त्यांवर गाडी लगेच पुढच्या दशकातली दिसते. ब्रेक कूपर एसचे, साडेसात इंची डिस्क आणि सर्वो (पायाच्या दाबाला जोर देणारं यंत्र). नंतरच्या गाड्यांच्या ८.४ इंची डिस्क १० इंची चाकात मावतच नाहीत, त्यामुळे स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. मागे एसचेच ड्रम लावा. त्यांच्यात स्पेसर ओतलेला असतो आणि मागची चाकं त्यामुळे योग्य तेवढी बाहेर येतात. रबर कोन जुने असतील तर डोळे मिटून बदला. साठ वर्षांत ते बसलेले असतात.

वायरिंग: इथे घाई नको

रॅलीच्या गाडीचं रूप दिव्यांनी खुलतं आणि नवख्याची गाडी जळते तीही दिव्यांमुळेच. थोडा हिशेब करू. मार्क १ मिनीला लुकासचा सी४० डायनामो असतो आणि तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. हेडलाइट ६० वॉटचे दोन धरले तर १२०. पुढे ५५ वॉटचे तीन दिवे जोडले तर १६५. एकूण २८५ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ २४ अँपिअर. अजून इग्निशन, वायपर, हीटरचा पंखा धरलेच नाहीत. बाकीचा करंट बॅटरी देते आणि हळूहळू गाडी मलूल होते. इंजिन रिकामं चालताना तर डायनामो जवळपास काहीच देत नाही.

इलाज दोन. गाडी दिवसाच फिरवायची असेल तर डायनामो राहू द्या आणि सगळे दिवे एकत्र लावू नका. रात्री चालवायची असेल तर अल्टरनेटर हवा. डायनामोच्या खोळीत लपवलेले अल्टरनेटर आता विकत मिळतात. मी ते खुशाल लावा म्हणेन, कारण अंधाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडण्यात इतिहासाचा कसला मान राखला जातो? फक्त लक्षात ठेवा, मार्क १ मिनी मुळात पॉझिटिव्ह अर्थची आहे. बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. अल्टरनेटर जोडण्याआधी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते: बॅटरीची टोकं उलटवायची, कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, रेडिओसारखं काही असेल तर तपासायचं, आणि बॅटरीजवळ ठळक अक्षरांत तसं लिहून ठेवायचं. पुढच्या मालकाने सवयीने उलटी बॅटरी जोडली तर अल्टरनेटर क्षणात जातो.

जादा दिव्यांचा करंट डॅशबोर्डच्या बटणातून नेऊ नका. प्रत्येक जोडीला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रिलेच्या आधी फ्यूज. मूळ गाडीत अख्ख्या वायरिंगला दोनच फ्यूज आहेत, तेवढ्यावर विसंबू नका. ५५ वॉटची जोडी सुमारे ९ अँपिअर घेते. तिला २ चौरस मिमीची वायर पुरते. लुकासच्या रंगांची रीत पाळा: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थचा. पाच वर्षांनी भर पावसात बिघाड शोधताना हे रंगच कामी येतात. लुकासचे जुने पत्र्याच्या डबीतले रिले दिसायला हवे असतील तर त्या डबीत नवा रिले बसवता येतो. प्रत्येक दिव्याची अर्थची वायर वेगळी नेऊन रंग खरवडलेल्या पत्र्यावर कसा. दिवा मंद जळण्याचं कारण बहुतेक वेळा अर्थमध्येच सापडतं.

नॅव्हिगेटरची बाजू

मला या गाडीत सगळ्यात आवडते ती डावीकडची जागा. लिडन तिथे बसून वेळेचा आणि वळणांचा हिशेब ठेवत होता. हाल्डाचं अंतर मोजणारं यंत्र, जोडीला घड्याळं, वाकवता येणारा नकाशाचा दिवा आणि पाय टेकायला पट्टी. हाल्डा जुना आणि महाग. पुष्कळदा बंद पडलेलाच विकला जातो. विकत घेताना मागची खुंटी बोटांनी फिरवून आकडे सरकतात का बघा. तो स्पीडोमीटरच्या केबलवर टी आकाराचा जोड लावून चालतो आणि टायरच्या मापाप्रमाणे त्याचे छोटे दाते बदलावे लागतात. मोजलेल्या मैलावर गाडी नेऊन तो जुळवा.

सुरक्षेबाबत मी काळाशी तडजोड करतो. त्या काळच्या बकेट सीटसारखी दिसणारी सीट घ्या, पण पट्टे नवे असू द्या आणि त्यांच्या बोल्टखाली पत्र्याला जाड प्लेट वेल्ड करा. ऐतिहासिक स्पर्धेत उतरायचं असेल तर एफआयएचा अपेंडिक्स के, म्हणजे जुन्या गाड्यांच्या स्पर्धांची नियमावली, आधी वाचा. १९६२ ते १९६५ च्या गाड्या त्यात ‘एफ’ काळात मोडतात, आणि तिथे आतला संरक्षक पिंजरा, सीट, अग्निशामक यांबाबत आयोजक सांगतील तेच अंतिम.

नंबर आणि नाव

३३ ईजेबी ही पाटी तुमच्या गाडीवर रस्त्यावर लावू नका. तो दुसऱ्या गाडीचा खरा नंबर आहे आणि तसं करणं गुन्हा आहे. स्वतःच्या गाडीचा नंबर काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरांत लावा; ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या जुन्या गाडीला ती परवानगी आहे. आणखी जवळ जायचं असेल तर एक छान वाट आहे. अ‍ॅबिंग्डन तेव्हा बर्कशर काउंटीत होतं आणि वर्क्स गाड्यांचे, म्हणजे कंपनीने स्वतः स्पर्धेत उतरवलेल्या गाड्यांचे, नंबर तिथले: जेबी, बीएल, आरएक्स ही बर्कशरची अक्षरं. ती असलेला जुना, वर्ष न दाखवणारा नंबर विकायला आला तर तो रीतसर तुमच्या गाडीवर चढवता येतो.

दारावर ३७ लावा, रॅलीची प्लेट लावा, हरकत नाही. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा: मूळ गाडी कोणती, इंजिन कुठलं, काय नवं, काय जुनं. वर्क्स गाड्यांच्या किमती अशा आहेत की आज प्रेमाने बांधलेली ट्रिब्यूट दोन मालकांनंतर ‘कदाचित खरी असेल’ म्हणून विकली जाऊ शकते. हॉपकर्क आणि लिडन यांच्या, आणि अ‍ॅबिंग्डनच्या मेकॅनिकांच्या कामावर तो अन्याय होईल. जाता जाता, हाच हॉपकर्क डिसेंबर १९६८ मध्ये लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये ऑस्टिन १८०० घेऊन मुंबईत आला होता. तिथून गाड्या चुसान जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तो सिडनीत दुसरा आला. मुंबईत कोणाच्या आजोबांनी तेव्हा फोटो काढले असतील तर ते जपा; मिनीचे नसले तरी त्याच कॉम्पिटिशन्स डिपार्टमेंटच्या गाड्यांचे बारकावे त्यांत मिळतील.

पहिले ५०० मैल

चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, माफ आहे. तरीही करून घ्या. तुम्ही स्वतः बांधलेल्या गाडीखाली दुसऱ्या कोणाचे तरी डोळे जायला हवेत. पहिल्या फेरीत घरापासून दहा मैलांच्या आतच राहा, सोबत पाने, फ्यूज, पाणी आणि एक जाणता माणूस असू द्या. परत आल्यावर चाकांचे नट आणि सबफ्रेमचे बोल्ट पुन्हा कसा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कने तपासा आणि मग टॅपेटची फट बघा, कारण हेड कसलं की ती बदलते.

५०० मैलांनंतर तेल बदला. मिनीच्या ड्रेन प्लगला चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर पुसून प्लग परत लावा. नव्याने बसवलेल्या गिअरची ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचेल असा कण किंवा चकचकीत कपचा सापडला तर मात्र गाडी चालवू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली येतात, दोन दिवसांचं काम आहे, आणि ते तेव्हाच करावं.